कथेत ऊन नको

कथा लिहिणाऱ्यांच्या मंडळातून कथा किती निघतात ते मला विचारू नका. किस्से मात्र ढिगानं निघतात, आणि ते कुणी लिहून काढत नाही. सगळे कथा लिहिण्यात गुंतलेले असतात ना!

आमचं मंडळ नगरातलं. महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बसतं. वर पत्रे, मधोमध एकच पंखा आणि पंख्याखाली सर. सर म्हणजे मराठीचे निवृत्त प्राध्यापक. नाव सांगत नाही. नगरात सगळे ओळखतील आणि त्यांची बीपीची गोळी माझ्याच दुकानातून जाते.

माझं औषधांचं दुकान आहे, बसस्टँडच्या जवळ. हवा बदललेली मला वेगळी कळवावी लागत नाही. ओआरएसची पाकिटं संपायला लागली की उन्हाळा आणि खोकल्याच्या बाटल्या संपायला लागल्या की थंडी. यापलीकडे हवेला काही अर्थ असतो, हे मला सरांनी शिकवलं.

"आभाळाला कथेत काम द्या," हे त्यांचं पेटंट वाक्य. विरह असेल तर संध्याकाळ. संशय असेल तर धुकं. मरण असेल तर वादळ, निदान पाऊस तरी. शिकवण अगदीच चुकीची नव्हती. हवेनं माणसाचं मन फिरतं, हे मी रोज काउंटरवर बघते. पण सरांच्या कथेत आधी हवा यायची आणि मग तिला शोभेल असा माणूस शोधला जायचा.

*

आमचे कदम श्रीरामपूरकडचे, साखर कारखान्यात टाइमकीपर. त्यांनी बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याची कथा आणली. पहिल्याच ओळीत गावावर काळं धुकं उतरलं होतं. महिना होता मार्च.

मी म्हटलं, कदम, तुमच्याकडे मार्चमध्ये धुकं? सर म्हणाले, कथेतलं धुकं कॅलेंडर बघत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

चहाच्या वेळी कदमांनी मला बाजूला घेतलं. धुकं नव्हतंच. कारखान्याच्या चिमणीची काजळी होती. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, पिण्याच्या पाण्यात पडते, त्यांच्या आईला तिनंच दमा लागला होता. "पन तसं लिवलं तर सोमवारी कामावर घेत्याल का मॅडम?"

म्हणून काजळीचं धुकं झालं. कथा छापून आली, नावाजली गेली. पुढं त्याच कारखान्यानं ती आपल्या स्मरणिकेत अभिमानानं परत छापली. शेजारी फोटो महाबळेश्वरचा!

*

पालवे गुरुजी मंडळात आले ते असेच एका रविवारी, एसटीतून उभ्यानं. तिसगावजवळच्या वस्तीवर राहतात, झेडपीच्या शाळेत शिकवतात. आईबाप ऊसतोडीचा कोयता घेऊन जन्मभर कारखान्यावर गेलेले. माणूस कमी बोलणारा. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि एकच कथा वाचली, दोन पानांची.

पौषातली सकाळ. एक बाई आपल्या लेकीचा शाळेचा फ्रॉक धुऊन तुरकाठ्यांच्या कुडावर वाळत घालते. लेकीला ताप असतो, म्हणून आज शाळा नाही. ऊन छान पडलेलं, ज्वारी हुरड्यात आलेली. मग पोर उलट्या करते, जीप बोलावतात, पाथर्डीला नेतात, पाथर्डीवाले नगरला न्या म्हणतात. नगर येत नाही. वाटेतच संपतं. दुपारी सगळे परत येतात तेव्हा फ्रॉक वाळलेला असतो.

संपली कथा. मुलीचं नाव वैष्णवी.

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, भाषा स्वच्छ आहे, पण वातावरण साफ चुकलंय. मरणाच्या दिवशी इतकं प्रसन्न ऊन? वाचकाचं मन तयारच होत नाही.

पालवे म्हणाले, "सर, व्हतं ऊन."

"असेल. कथेत नको."

जिना उतरताना मी सरांना गाठलं. म्हटलं, अहो, ती त्यांची स्वतःची मुलगी आहे, तुमच्या लक्षात आलं ना? सर म्हणाले, आलं की. म्हणूनच अनुभव कच्चा राहिलाय.

*

सुलभाताईंची गोष्ट वेगळी. त्यांच्या गच्चीतून चांदबिबीचा महाल दिसतो, उघडा डोंगर दिसतो, शेळ्या दिसतात, लष्कराच्या गाड्यांची धूळ दिसते. त्या मात्र लिहायच्या कोकणातलं. कथेत माड, करवंदं, भुरभुर पाऊस आणि समुद्र. समुद्र त्यांनी लग्नानंतर एकदाच पाहिला होता, तोही सासूबाईंच्या चपला सांभाळत.

एका कथेत त्यांची नायिका किनाऱ्यावर उभी राहून समुद्रातून वर येणारा सूर्य बघते आणि नव्यानं जगायचं ठरवते. रत्नागिरीहून एका वाचकाचा फोन आला. ताई, आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, उगवतो तुमच्याकडून!

सरांनी सांभाळून घेतलं. तो प्रतीकात्मक सूर्योदय आहे म्हणाले. मी सुलभाताईंना विचारलं की गच्चीतून दिसतं ते का नाही लिहीत? त्यांच्या सुनेनं स्वतःला पेटवून घेतलं होतं, त्याच गच्चीत, एका रखरखीत दुपारी. अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

त्या म्हणाल्या, "आपल्याकडे काय आहे हो लिहिण्यासारखं?" आणि पुढच्या रविवारी पुन्हा समुद्र घेऊन आल्या.

*

मे महिन्यात आमची कार्यशाळा झाली. 'कथेतील निसर्ग' हा विषय. पुण्याहून पाहुणे आले, एसी गाडीतून. पत्र्याखाली आम्ही भाजत होतो, त्यात लाइट गेली. पाहुणे म्हणाले, हा उकाडा अनुभवा, यातूनच कथेत घुसमट येते. दहा मिनिटांत तेच घुसमटले. मी पर्समधलं ओआरएस पाण्यात घालून दिलं.

जरा बरं वाटल्यावर ते खाली गाडीत जाऊन बसले. उरलेलं व्याख्यान त्यांनी अर्धी काच खाली करून दिलं. आम्ही रस्त्यावर, उन्हात, अनुभव घेत!

पालवे गुरुजींनी तेवढ्यात आपली दोन पानं काचेतून आत दिली. पाहुण्यांनी वरवर चाळली आणि परत दिली. "यात हवामान कुठंय?" असं विचारलं आणि काच वर केली.

*

सरांनी स्वतः दुष्काळावर कथा लिहिली, ती मुलाकडे पुण्यात राहून, भर श्रावणात. तिकडे निवांत मिळतो म्हणे. कथेत जमीन भेगाळली होती, विहिरी कोरड्या होत्या, गाव रिकामं झालं होतं. वाचताना सरांचा आवाज दाटून आला.

पालवे म्हणाले, सर, आमचं गाव पाऊस चांगला झाला तरी दसऱ्यानंतर रिकामंच होतं. कोयता घेऊन लोक ट्रॅक्टरमध्ये बसतात तेव्हा शिवार हिरवंगार असतं. म्हातारी आणि पोरं तेवढी मागं राहतात.

सर विचारात पडले. मग म्हणाले, "ते खरं असेल, पण त्यानं वातावरण बिघडतं."

*

वर्षभर पालवे येत राहिले. मीटिंगच्या आधी माझ्या दुकानात पाणी प्यायला थांबायचे, नवा खर्डा दाखवायचे. आधी कथेत नुसते ढग आले. मग वारा आला. मग धो धो पाऊस आला आणि पंचाईत झाली फ्रॉकची. सर म्हणाले, पावसात वाळत घातलेला फ्रॉक वाळेल कसा? काहीतरी तर्क हवा. गुरुजींनी फ्रॉक घरात दोरीवर टाकून पाहिला. सर म्हणाले, आता तो कुणाला दिसत नाही, मग हवा कशाला? फ्रॉक गेला.

पावसात जीप शोभेना, म्हणून बैलगाडी आली. बैलगाडी आली म्हणून नदीला पूर आला. आमच्या पाथर्डीच्या बाजूला, पूर! मुलगी काठावर बापाच्या मांडीवर डोळे मिटते, वर वीज कडाडते.

मला राग आवरेना. म्हटलं, गुरुजी, पहिली होती तीच कथा होती, ही कसली? द्या सोडून मंडळ.

त्यांनी ग्लास काउंटरवर ठेवला. "छापून आलं पायजे मॅडम. तिचं नाव लिवलेला कागद आमच्याकडं एकच हाय, मृत्यूचा दाखला. दुसरीकडं कुठं तरी नाव आलं पायजे. मग तिच्या आईला दाखवीन. तवर तिला सांगनार न्हाई म्या, कशावर लिवतो ते."

एवढ्यासाठी ते वर्षभर एसटीत उभे राहत होते. नाव राहू दे, बाकी काय हवं ते काढा, असा त्यांनी मनाशी सौदा केला होता.

*

दिवाळी अंक आला. अंकाचे संपादक अर्थात सरच. पालवेंची कथा पहिल्या पानावर, आणि मंडळाचा वर्षातल्या उत्कृष्ट कथेचा पुरस्कारही तिलाच.

दुपारी गुरुजींचा फोन आला. "मॅडम, नाव न्हाई आलं."

मी अंक उघडला. मुलीचं नाव मेघा होतं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मेघा.

मी तशीच सरांना फोन लावला. ते खुशीत होते. म्हणाले, वैष्णवी फार घरगुती वाटत होतं हो, मेघा कसं त्या पावसाशी एकजीव झालं बघा! पुरस्काराचं सांगायला त्यांनी गुरुजींना फोन केला होता, वहिनींना घेऊन या म्हणून बजावलं होतं. गुरुजी नावाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. घरी गेल्यावर त्यांनी अंक धान्याच्या कोठीमागं टाकला, हे मला नंतर कळलं.

*

समारंभ पौषात झाला. हॉलच्या खिडक्यांतून कोवळं ऊन थेट खुर्च्यांपर्यंत आलं होतं, पाठ शेकायला बरं वाटत होतं. पालवे गुरुजी व्यासपीठावर, इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. त्यांच्या मालकीण कांताबाई बायकांच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. असल्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच आल्या होत्या. नवऱ्याला बक्षीस मिळालं एवढंच त्यांना ठाऊक होतं.

कथेचं अभिवाचन ठेवलं होतं. नाटकात काम करणारे एक गृहस्थ उभे राहिले. सरांनी मोबाईल स्पीकरला जोडला आणि पावसाचा आवाज सोडला. अभिवाचन जोरदार झालं. पूर आला, बैल बिथरले, मेघा बापाच्या मांडीवर शांत झाली, वीज कडाडली. वीज जरा उशिरा कडाडली, पण कडाडली.

मी व्यासपीठाकडे पाहिलं. गुरुजी सगळा वेळ एकटक बायकोकडे बघत होते.

कांताबाई रडत होत्या. पदराचा बोळा तोंडात धरून, आवाज न करता. मी त्यांचा हात धरला. मला वाटलं, कळलं यांना.

टाळ्या झाल्या, शाल झाली, नारळ झाला, कांताबाईंची खणानारळानं ओटी भरली. सर भाषणात म्हणाले, बघा, वातावरण जमलं की वाचक कसा रडतो! आणि त्यांनी आमच्या रांगेकडे हात केला.

मग सगळे खाली आले. वाचनालयाच्या दारात गुरुजी शाल काखेत धरून उभे होते, मी शेजारी. कांताबाई जवळ आल्या, डोळे अजून ओले. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "कुनाची व्हती वो ती पोर?"

गुरुजींनी शाल या काखेतून त्या काखेत घेतली. "असल कुनाची तरी."

"बिचारी. असल्या पावसात न्यावं लागलं तिला." कांताबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि अंगणातल्या उन्हाकडे बघितलं. "आपली गेली तवा ऊन तरी व्हतं."