कौसल्याबाई जे बोलल्याच नव्हत्या

इथे येणारे अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि मनातल्या मनात लिहिणाऱ्याची खेचतो. आवाज आला म्हणजे वारा असणार, सावली दिसली म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला असणार... असा मी माणूस. आज स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा माझीही खुशाल खेचा. फक्त काही सुचलं तर सांगा, कारण माझं डोकं चालेनासं झालंय.

मी नागपूरचा. ॲपचे स्क्रीन डिझाईन करतो. मागच्या हंगामात नागभीडच्या बाहेर एका धानाच्या गोदामाचं काम मिळालं. पोती कुठल्या रांगेत गेली, कुठून निघाली, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं होतं. आधी कुणीतरी बनवून दिलेलं ॲप तिथल्या हमालांनी आणि बायांनी बाजूला टाकून दिलं होतं. 'रॅक सी, लेव्हल टू' असलं इंग्रजी पाठीवर पोतं असताना कोण वाचत बसणार? मी ठरवलं, वाचायचं कामच ठेवायचं नाही. प्रत्येक रांगेला एक चित्र, आणि पोत्यावरचं लेबल स्कॅन केलं की हातातलं मशीन बोलणार — "मासोळीच्या रांगेत ठेवा." तेही त्यांच्याच बोलीत.

आवाज घेतला कौसल्याबाईंचा. गोदाम झाडण्यापासून पोती शिवण्यापर्यंत सगळं करणाऱ्या, खणखणीत गळ्याच्या. मॅनेजरच्या खोलीत बसवून एकेक वाक्य रेकॉर्ड केलं. मासोळी झाली, मोहफूल झालं, आणि वाघावर गाडी अडली. ताडोबाचा जिल्हा म्हणून मी मोठ्या हौसेनं एका रांगेला वाघाचं चित्र दिलं होतं!

"हे मी नाई बोलत, भाऊ," बाई म्हणाल्या. "इथी त्याचं नाव नाई घेत कोणी. नाव घेतलं का बलावल्यासारखं होते. नुसतं 'थो' म्हणलं का समजते आमाले."

गोदामाच्या मागे हातपंप, त्यापलीकडे नाला आणि लगेच झुडपी जंगल. मला हसू आलं होतं, पण वाद घातला नाही. वाघ काढून मोर टाकला. बाईंनी मोराचं वाक्य म्हटलं आणि विषय संपला.

मशीन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पहिला प्रकार घडला. सगळ्या बाया गोल करून जेवत होत्या, मीही त्यांच्यातच होतो. कौसल्याबाईंचं आधी झालं, त्या हात धुवायला मागच्या दाराकडे निघाल्या. तेवढ्यात टेबलावर चार्जिंगला लावलेलं मशीन बोललं. त्यांच्याच आवाजात, पण ओरडून —

"ओ भाऊ! मांगं नोको जाऊ! थो हाये!"

आणि पाठोपाठ डबा पडल्याचा आवाज. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा फरशीवर आपटावा आणि झाकण गरगरत जावं, तसा. आम्ही आपापले डबे बघितले... सगळ्यांचे जागच्या जागी होते. दारातून डोकावून पाहिलं, बाहेर काहीच नव्हतं. आणि 'भाऊ' कोणाला? दाराशी तर बाईच होत्या.

"हे मी कवा बोलली?" कौसल्याबाईंचा चेहरा पार उतरला होता. "माह्या तोंडी हे काऊन टाकलं, भाऊ?"

मी शपथा घेतल्या. एकूण एक क्लिप त्यांच्यासमोर ऐकवली, असं वाक्य कुठेच नव्हतं. त्या वेळी मशीनवर काय वाजलं याची नोंद काढली, तर तिथे मोराची क्लिप! ती लावली की "मोराच्या रांगेत ठेवा", बस्स.

"मशीन कायले खोटं बोलन?" बायांमधल्या सगळ्यात वडील तुळसाबाई म्हणाल्या. "हिनंच बलावलं असंन त्याले."

दुसऱ्या दिवसापासून बायांनी कौसल्याबाईंना जेवायला सोबत घेणं बंद केलं. त्या एकट्याच मागच्या दाराजवळ डबा घेऊन बसायच्या. मला बघवत नव्हतं. त्यांचा आवाज काढून मी कंप्युटरचा सपाट आवाज टाकला, त्यानंही काही फरक पडला नाही. माझ्याशी तर त्या बोलायच्याच थांबल्या.

हंगाम संपता संपता किरकोळ कामासाठी पुन्हा गेलो. पुन्हा जेवणाची सुट्टी. ऑफिसचा फोन आला, पण आवाज तुटत होता; तिथे धड नेटवर्क मिळतं ते फक्त हातपंपापाशी. फोन कानाला लावून कौसल्याबाईंच्या बाजूनं मी दाराबाहेर पाऊल टाकलं...

"ओ भाऊ! मांगं नोको जाऊ! थो हाये!"

मी खिळलो. मागे जर्मनचा डबा फरशीवर आपटला, झाकण गरगरत गेलं. या वेळी मशीन नव्हतं. कौसल्याबाई होत्या, मांडीवरचा डबा सांडून उठलेल्या. आणि हातपंपापलीकडे, नाल्याच्या काठावर, वाघ बसला होता. माझ्याकडेच बघत होता. बाईंनी शर्टाला धरून मला आत ओढलं आणि दार लावलं.

आता तुम्ही म्हणाल, मशीनचं वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं होतं, घाबरल्यावर तेच तोंडातून निघालं. मीही स्वतःला हेच समजावतो. पण मग डब्याचं काय? झाकणाचं काय? शिवाय मशीन बोललं नसतं तर त्या दाराजवळ एकट्या बसल्याच नसत्या, आणि मला हाक मारायला तिथे कोणी नसतं. म्हणजे आधी काय आणि नंतर काय... मित्रांनी, इंजिनियर लोकांनी, सगळ्यांनी डोकं लावून झालं. मोराच्या क्लिपची ती नोंद आजही तशीच आहे.

त्या दुपारी दार लावल्यावर मी पोत्यांना टेकून बसलो होतो. मग तुळसाबाई उठल्या, आपला डबा घेऊन कौसल्याबाईंजवळ जाऊन बसल्या आणि त्यांच्यापुढे भाजी सरकवली. सांडलेला भात गोळा करता करता कौसल्याबाई कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलल्या.

"आता तं बोलली ना मी, भाऊ?"

मी मान हलवली.

"मंग माहा आवाज वापस टाका मशीनीत."