बरसातीतली बाई आणि अडकलेलं डिपॉझिट

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझ्या अंगावर काटा येतो आणि, खरं सांगायचं तर, मजाही वाटते.

सत्तरच्या दशकात मी चंदीगडला प्रतिनियुक्तीवर होतो. पोलीस ठाण्यात मराठी साहेब आहे असं कळल्यावर बदलीवर आलेला एक मराठी कारकून गरोदर बायकोला घेऊन आला. सेक्टर २२ मध्ये गच्चीवरच्या खोलीत, तिकडच्या भाषेत बरसातीत, ते राहत. दिवेलागणीला जिन्यात एक बाई रडत उभी राही. घाबरून त्यांनी खोली सोडली. न सांगता गेलात, भाडं बाकी आहे, म्हणत मालकानं डिपॉझिट ठेवून घेतलं. त्या पैशांशिवाय दुसरी खोली मिळेना आणि बाळंतपण तोंडावर.

हवालदार म्हणाला, "सरजी, दिवानी मामला है. भूत पर कौन सी दफा लगाएँ?"

पण त्या गल्लीतल्या धोब्यानं खबर दिली, आधीची बिऱ्हाडंही अशीच पळाली होती. सगळी परगावची.

मी कारकुनाच्या बायकोचा जबाब घेतला.

"नेसली काय होती?"

"हिरवी साडी. मालक म्हणाले, तुमच्याच मुलखातली होती, याच खोलीत वारली."

"पदर?"

"उजव्या खांद्यावरून पुढे." ती थबकली. "भाऊ, आपल्यात असा कोण घेतं?"

मेल्यावर पदराची बाजू बदलते, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

मालक-मालकिणीला ठाण्यात बोलावलं. मालक चहा पीत म्हणाला, "किराया बाकी था जी, काट लिया. जुर्म क्या है?" मी मालकिणीपुढे हिरवी साडी ठेवली. "माताजी, पल्लू कैसे लेते हैं, जरा दिखाइए." तिनं सवयीनं उजव्या खांद्यावरून घेतला. समोर बसलेली कारकुनाची बायको ताडकन उठली. "हीच ती."

मालकिणीनं सगळं कबूल केलं. मग हळूच म्हणाली, "पर साहबजी, अब मैं ऊपर नहीं जाती. पिछली बार किसी ने पीछे से पल्लू खींचकर बाएँ कंधे पर डाल दिया."

ते ऐकून मालक चहा अर्धाच टाकून उठला. पूर्ण डिपॉझिट त्यानं त्याच संध्याकाळी स्वतः आणून दिलं. कारकुनाला खोली मिळाली, पुढे मुलगीही झाली.

मालकाचा हिशेब कागदावर कितीही चोख असला, तरी पोलिसानं जागा स्वतः पाहावी, हे मी तिथं शिकलो. म्हणून दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या बरसातीच्या पंचनाम्याला गेलो. जिना अर्धा चढलो. पुढे जाण्याची तपासाच्या दृष्टीनं आवश्यकता नव्हती, अशी नोंद माझ्याच अक्षरात आहे.