आसारामकाकांच्या मरळी

आमच्या मच्छीमार सोसायटीत आसारामकाका वयानं सगळ्यात मोठे आणि हट्टातही. पाली गावाच्या पुढं आमचा लहानसा तलाव आहे. त्यातली मरळ पिलांवर असेल तर तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. मरळीच्या लालसर पिलांचा घोळका पाण्यावर येतो आणि खाली नर-मादी राखण करतात. त्या दिवसांत ती जोडी माणसाला पाहूनही पळत नाही, म्हणून पकडायला अगदी सोपी.

"सोपी हाय म्हणूनच न्हाई धरायची," काका म्हणायचे.

सलग तिसऱ्या वर्षी पाऊस गेला आणि तलावाला भेगा पडल्या. सभासद कोयते घेऊन ऊसतोडीला निघून गेले. वैशाखात गाळ काढायला जेसीबी आला. शेतात टाकायला फुकटचा काळा गाळ कोणाला नको? मीही ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा होतो. काका जेसीबीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"तेवढा डोह सोडा. मरळी हायत त्यात."

"पाण्याचा थेंब न्हाई अन् मासे कुठले, काका?" मी विचारलं.

"चिखलात हायत. मरळ वरची हवा घेती, चिखलात बी तग धरती."

सगळे हसले. मीही हसलो, त्याची मला आजही लाज वाटते. शेवटी ड्रायव्हरनं कंटाळून दोन तास दिले. तेवढ्या वेळात काकांनी आणि चतुराकाकूंनी आधी कुदळीनं, मग हातांनी चिखल उपसून अकरा मरळी बाहेर काढल्या. एकीच्या शेपटीजवळ काकांचीच कुदळ लागली. त्यांनी त्या घावात हळद भरली.

टँकर चार दिवसांनी यायचा. घराला दोन पिंपं पाणी, त्यातलं एक मरळींना.

काकू भडकायच्या. "माणसाला घोटभर पाणी न्हाई अन् ह्यांचे लाड कावून?"

"आज ह्या मेल्या तर तळं भरून बी रिकामंच राहील," काका म्हणायचे.

बोलून बोलून काकू दमायच्या आणि मरळींनी बाहेर उडी मारू नये म्हणून स्वतःच पिंपावर ओलं पोतं बांधायच्या. भाद्रपदात तलाव भरला तेव्हा सहा उरल्या होत्या, शेपटीला घाव असलेलीही. काकांनी त्या सोडल्या आणि वर्षभर जाळं टाकणार नाही असं सोसायटीकडून कबूल करून घेतलं. सगळ्यांनी ते पाळलंही.

पुढच्या भाद्रपदात जाळी निघाली. भरल्या तलावातला पहिला मासा वडीलधाऱ्या सभासदाच्या घरी द्यायची आमच्याकडं रीत आहे. काकांचा पुतण्या त्रिंबक सोसायटीचा नवा चेअरमन. तो भलीमोठी मरळ मारून घेऊन आला. मी तेव्हा काकांच्या ओट्यावरच होतो. "काका, तुमच्यामुळं तळं जगलं. हा मान तुमचा," असं म्हणून त्यानं मरळ काकूंच्या परातीत ठेवली.

काकूंनी शेपटीवरचा व्रण पाहिला आणि परात खाली ठेवली.

"कुठं गावली?" काकांनी विचारलं.

"पिंपळाच्या अंगाला. लई सोपी गावली, जागची हलली बी न्हाई..." बोलता बोलता त्रिंबकचा चेहरा उतरला.

"अन् नर?"

"त्यो आमच्या घरी चुलीवर हाय."

आता काका त्याला फाडून खाणार असं मला वाटलं. त्यांनी फक्त पिलं कुठं आहेत तेवढं विचारलं, काठी घेतली आणि तलावाची वाट धरली.

दुपारी मी गेलो तर ते कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पुढ्यात लालसर घोळका, काठावर बगळे. बगळा जवळ आला की ते काठी पाण्यावर आपटत.

"किती दिवस उभं राहणार, काका?"

"पंधरा-ईस दिवस. मग त्यांचं त्यांना कळायला लागतं." जरा वेळानं माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "लई थकलो रे. उंद्या सकाळी तू येशील का?"

मी हो म्हणालो.