सही कोणाची?

ठाकुर्लीच्या गावठाणात आगऱ्यांच्या घरी लग्न निघालं की धवले गायला पहिलं बोलावणं जायचं शालूवहिनींना. मांडवात त्यांचा आवाज लागला की माईकवाला गुपचूप माईक बंद करायचा, त्याची गरजच उरायची नाही. पण स्वतःच्या घरी राजकारणाची बैठक बसली की त्यांच्याकडे फक्त चहाचं काम. धाकटा दीर कमलेश नगरसेवक होता. तो बोलायचा, बाकीचे माना डोलवायचे.

यंदा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि कमलेशने वहिनींना उभं केलं. बॅनरवर तो स्वतः हात जोडून उभा, कोपऱ्यात तिकिटाएवढ्या वहिनी.

"वयनी, तुमी फक्त नमस्कार करा. बाकी मी हाय ना," तो म्हणाला.

पहिली सभा पलीकडच्या चाळीत, बुद्धविहारासमोर झाली. कमलेशचं भाषण संपलं तशी मेघना उठली. ती चाळीतच शिकवण्या घ्यायची. तोंडाने फटकळ, पण मुलांची लाडकी.

"ताई, एकच विचारते. निवडून आलात तर सही तुम्ही करणार की कमलेशदादा?"

कमलेश हसत पुढे सरकला, पण त्याच्या आधी वहिनीच उभ्या राहिल्या.

"सही मीच करीन," त्या म्हणाल्या. "चुकली त येऊन माझेशीच भांडा. भाऊजींकं जाव नका."

बायकांनी अशा टाळ्या पिटल्या की विहाराच्या कठड्यावरची कबुतरं उडाली.

घरी आल्यावर कमलेश फुगून बसला. "चारचौघांत माझी किंमत काढलीत!"

"भाऊजी, तुमाना जिकाचं हाय ना?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मंग मना बोलू द्या."

कमलेश मुरलेला राजकारणी. टाळ्या कुणाला पडल्या, हे त्यालाही ऐकू आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने वहिनींच्या मोठ्या फोटोचे नवे बॅनर छापायला टाकले आणि वहिनी स्वतः चाळीत जाऊन मेघनाला प्रचारासाठी घेऊन आल्या.

मेघनाने भाषणंच बंद केली. "लोकांना विचारू दे. उत्तर येत नसेल तिथे 'माहीत नाही' म्हणा, पण उत्तर घेऊन परत जा."

वहिनी परत जायच्या. चाळीत, गावठाणात, नव्या टॉवरमध्येही. टॉवरवाल्यांना हे फारच नवं होतं. प्रश्न विचारणाऱ्या मॅडम दुसऱ्या दिवशी दारात वहिनींना बघून चपापायच्या आणि मग आग्रहाने आत बसवायच्या.

निकालाच्या दिवशी वहिनी थोडक्या मतांनी निवडून आल्या. गुलालात सगळ्यांत जास्त नाचला तो कमलेश. मेघनाचे बाबा बाबुराव, एरवी इस्त्रीची घडी न मोडणारा माणूस, तेही नाचले.

पालिकेच्या पहिल्याच सभेत वहिनींनी बाजाराजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह मागितलं. "बघू" असं उत्तर आलं. त्या खाली बसल्याच नाहीत. "कधी?" पुन्हा लांबलचक उत्तर. पुन्हा "कधी?" सभागृहात हशा पिकला, उत्तर देणारे साहेबही हसले आणि शेवटी त्यांनी महिना सांगून टाकला.

वर प्रेक्षक गॅलरीत बसलेल्या कमलेशने जोरात शिट्टी मारली. शिपाई धावत आला, "ओ, बाहेर व्हा!"

"जातो रे," कमलेश उठत म्हणाला, "पण ती माझी वयनी हाय!"