आधी वजन, मग नाव

भाऊंची एक खोड होती. चालू मशीनची पिन न सांगता उपटायची आणि शांतपणे म्हणायचं, "आता पाह्य, काय उरलं." पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पिन उपटली. तासाभराचं काम गेलं.

"भाऊ, मी सेव्ह केलं होतं ना."

"तू केलं, बाप्पा. मशीननं कुठी केलं?"

अमरावतीत आमची आठ माणसांची कंपनी. मेळघाटातल्या दवाखान्यांसाठी बाळांची वजनं नोंदवणारी पेटी आम्ही बनवत होतो. भाऊ वयानं सर्वांत मोठे, बडनेऱ्याहून बसनं यायचे, पायात रबरी चपला. अशा माणसाकडे तुम्ही-आम्ही दुसऱ्यांदा बघत नाही. त्यांनी लिहिलेला कोड ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, जगभर चालतो हे मला सहा महिन्यांनी एका परदेशी माणसाच्या मेलवरून कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पेटीची रड एकच होती. एकेक नोंद मेमरी कार्डावर उतरायला दहा सेकंद लागायचे. बाहेर आयांची रांग, लेकरांची रडारड. एकाच नोंदीचे तुकडे पंधरा-वीस फेऱ्या करत कार्डावर जात होते. भाऊ म्हणाले, "माझी माय भाजी पिकवते. एकेक वांगं घेऊन बाजारात जाते का? टोपलं भरू देते." त्यांनी थेट कर्नेलमध्येच बदल केला: सगळे तुकडे गोळा करायचे आणि एकाच खेपेत उतरवायचे. दहाचा एक सेकंद झाला. कर्नेल सांभाळणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत तो बदल घ्यायचंही ठरवलं. कंपनीच्या साहेबांनी पेढे वाटले.

भाऊ मात्र पिन उपटत बसले; मेळघाटात वीज कधीही जाते. चारशेव्या की कितव्या खेपेला थांबले आणि मला हाक मारली. पडद्यावर बाळाचं नाव होतं आणि वजनाच्या जागी शून्य. नाव आधी उतरलं होतं, वजन वाटेतच राहिलं होतं.

चूक मलाही स्पष्ट दिसत होती. तरीही मी म्हणालो, आणि हे सांगताना आजही लाज वाटते, "जाऊ द्या भाऊ, कोणाला कळणार आहे?"

"मले कळलं ना." मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "शून्य वजनाचं लेकरू राहते का कुठी?"

तिथल्या तिथे त्यांनी कर्नेल सांभाळणाऱ्यांना मेल लिहिला: चूक माझी आहे, हा बदल घेऊ नका. दोन वर्षांची मेहनत होती. मी हबकलोच. साहेब तर खुर्चीतून उठले. पेट्या पुन्हा पूर्वीसारख्या संथ झाल्या आणि परतवाड्याच्या वरच्या, मेळघाटातल्या केंद्रातली नर्स फोनवर भाऊंनाच वाट्टेल ते बोलली. ते आपले "हो ताई, हो ताई" करत राहिले.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी म्हणाले, "जमलं. आधी वजन, मग नाव. नाव दिसलं म्हणजे वजन आहेच. खेप एकच."

"मग पाठवून द्या की."

"भाचीचा साखरपुडा आहे अकोल्याले. सोमवारी आणखी शंभरदा उपटून पाहतो, मग धाडतो."

सोमवारी फोन आला. परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर सोडल्यावर, त्यांच्या छातीत कळ आली. बडनेऱ्याच्या फलाटावर लोकांनी उतरवून घेतलं तेव्हा सगळं संपलं होतं. फोन ठेवून मी साहेबांना सांगायलाच विसरलो.

राहिलेल्या शंभर वेळा पिन मी उपटली. एकाही नावापुढे शून्य आलं नाही. बदल मेळघाटातल्या पेट्यांत घातला, त्यांच्याच नावानं कर्नेलसाठी पाठवला आणि काही आठवड्यांनी तो स्वीकारला गेला. सांगायला बडनेऱ्याला गेलो. भाऊ गेले त्या दिवसापासून म्हातारी रडलीच नाही, असं शेजारच्या बाईंनी मला दारातच सांगितलं. भाऊंची माय ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिला कर्नेल काय कळणार, असं वाटून मी एवढंच म्हणालो, "माय, भाऊंचं काम झालं. आता जगभर जाईल."

"जगाचं मले नोको सांगू. वरच्या दवाखान्यात गेलं का?"

मी चाट पडलो. "गेलं."

"मंग आता कोन्या लेकराचं शून्य नाही येत ना?"

"नाही येत, माय."

तेव्हा कुठे ती रडली.