एकाच पेल्यातून

दारूबंदी आली आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीला प्रभुभोजनासाठी द्राक्षारस मिळेनासा झाला. तेव्हापासून तो आमच्या चुलीवर होऊ लागला. आई काळ्या मनुका भिजत घाली, उकळून कुस्करी आणि फडक्यातून गाळी. प्रार्थना झाली की त्या रसाचा एकच पेला बाकांवरून फिरे. ख्रिस्ताचं रक्त मानून सगळे त्यालाच ओठ लावत.

सगळे म्हणजे आधी पुढचे. पुढच्या बाकांवर वरच्या जातींतून आलेली, शिकलेली घरं. आम्ही शेवटच्या बाकावर. आई पन्हाळ्याखालच्या एका महारवाड्यातली. लहानपणी तिला पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत. परक्यांनी तोंड लावलेला पेला तिच्या हातात पहिल्यांदा आला तो कोल्हापुरातल्या या देवळातच. "त्या एका पेल्यापायी मी ख्रिस्ती झालो," असं ती सरळ सांगे. आमच्यापर्यंत येईतो पेल्यात तळाला घोटभर उरे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. आई म्हणे, "तळाचं लई ग्वाड असतंय."

मग नवे पाळक आले. भला माणूस, पण भाबडा. एका रविवारी त्यांनी पेला उलटा फिरवला, मागून पुढं. आईनं पहिला घोट घेतला. पुढच्या बायकांनी ओठ घट्ट मिटून पेला नुसता टेकवल्यासारखा केला. तो परत वेदीवर गेला तेव्हा जवळजवळ भरलेलाच होता. मला दिसलं. आईलाही दिसलं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी जाहीर केलं, एका पेल्यानं क्षयाचे जंतू पसरतात, म्हणून आता काचेचे इवले इवले पेले, माणशी एक. इतकी वर्षं आम्ही यांचं उष्टं प्यालो, तेव्हा हे जंतू काय यात्रेला गेले होते? आणि खरा संताप याचा, की जंतूंचं म्हणणं खोटं नव्हतं. भांडायचं तरी कशावर? मी पाळकांकडे गेले, तर ते मान खाली घालून म्हणाले, "काय करू, बाई?"

घरी येऊन मी आईवरच ओरडले. "आता रस करू नकोस. त्यांचं त्यांना करू दे."

"रस प्रभूचा हाय," ती म्हणाली, "त्येंचा न्हाय." आणि मनुका निवडत बसली.

रविवारी पेल्यांचं तबक आमच्या बाकाशी आलं. आईनं एक उचलला. मी माझा घ्यायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं. तबक घेऊन उभा असलेला पंच थांबला. तिनं अर्धा रस पिऊन उरलेला माझ्यापुढं केला.

"घे," ती म्हणाली, "माझं उष्टं हाय."

देवळात एवढ्या मोठ्यांदा ती कधी बोलली नव्हती. मी प्याले. पुढच्या बाकांवरून एकीनंही मागं वळून पाहिलं नाही.