मळलेला फॉर्म

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. बायको विचारायची, "एवढी नोकरी केलीत, कधी काही आठवत कसं नाही?" मी चहा मागायचो.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी लेखनिक होतो. खिडकी दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. फॉर्म विद्यार्थ्याने समक्ष द्यायचा, हा नियम. नियम वरून आलेला होता. तो दाखवताना वाटणारी मजा माझी होती.

त्या दिवशी शेवटची तारीख. खडकीच्या कारखान्यातले एक कामगार रांगेतून पुढे आले. "मुलगी खाली रिक्षात आहे. पोलिओ आहे, दोन्ही पायांना. आपण जरा खाली येऊन बघता का?"

मी म्हणालो, "मग काय, खिडकी खाली आणू? समक्ष म्हणजे समक्ष."

रांग हसली. मला बरं वाटलं.

ती आली. पायरीवर बसून, हातांवर जोर देत, एकेक पायरी मागे सरकत. खिडकी तिच्या डोक्याच्या वर. मला फक्त एक हात दिसला. धुळीने भरलेला. त्यात फॉर्म.

"सर, आलेय मी."

मी उठूनही पाहिलं नाही. फॉर्मच्या कोपऱ्यावर बोटांचे ठसे होते.

"मळलाय. नवीन भरून आणा."

खालून आवाज आला, "धूळ तुमच्याच जिन्याची आहे, सर. झाडत नाही का कुणी?"

रांग पुन्हा हसली. या वेळी मला. म्हणून, फक्त म्हणून, मी तो फॉर्म परत सरकवला. कोरे फॉर्म तळमजल्यावर मिळायचे. साडेचारला खिडकी बंद केली. तिचं वर्ष गेलं.

तिने तक्रार केली. खुलासा मीच लिहिला: 'सदर विद्यार्थिनी मुदतीत समक्ष उपस्थित राहिली नाही.' साहेबांनी न वाचता सही ठोकली.

पुढच्याच महिन्यात विभागात पहिले संगणक आले. जिन्यावर फळ्या टाकल्या, दोर लावले, सहा माणसं लागली. मी कठड्यावरून ओरडत होतो, "सांभाळून! धक्का लागू देऊ नका!" आणि माझाच आवाज माझ्या कानावर पडला. त्या दिवशी मला कळलं मी काय केलं होतं. कळूनही मी खुलासा बदलला नाही. निवृत्त होईपर्यंत नाही.

आता बदलणार आहे. ती आली होती. मुदतीत आली होती. फॉर्म नीट होता. खुलासा खोटा होता, तो मी लिहिला. हे नाव-हुद्द्यासकट त्या फायलीत लावायला देणार आहे. घेतलं नाही तर रोज जाऊन बसेन. पेन्शन अडवली तरी चालेल.

तिच्याकडे मात्र एकदाच गेलो, तेव्हा, नोकरीत असताना. तक्रारीवरचा पत्ता पाठ होता. वडिलांनी दार उघडलं. त्यांनी मला ओळखलं नाही. आतून तिचा आवाज येत होता, कुणाला तरी गणित समजावत होती.

"कोण हवंय आपल्याला?"

माफी मागायला गेलो होतो. म्हणालो, "पत्ता चुकला."